दणकट कव्हरची पारख
फोनच्या दणकट कव्हरच्या खोक्यावर ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्द हमखास छापलेले असतात. त्यांचा आधार बहुधा अमेरिकी संरक्षण खात्याचे ‘मिल-एसटीडी-८१०जी’ हे मानक. त्यातल्या चाचणीत वस्तू ४८ इंचांवरून, म्हणजे छातीच्या उंचीवरून, २६ वेळा पाडतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. हा मार पाच नगांत वाटून घेण्याची मुभा असते. खाली काँक्रीटवर दोन इंची प्लायवूड असते. घरातली शहाबादी फरशी इतकी दयाळू नसते. शिवाय प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा नाही, कंपनीच स्वतःची पाठ थोपटते. तेव्हा कव्हर हातात घेऊनच पारखावे. कोपऱ्यांत टीपीयू या मऊ, लवचीक प्लास्टिकची जाड गादी हवी, बटणे सहज दाबली जावीत. फार जाड पाठ वायरलेस चार्जिंगच्या आड येते. फोन पालथा ठेवल्यावर काच टेबलाला टेकत असेल, तर ते कव्हर घेऊ नये.