कोऱ्या संदेशाचा दोष कोणाचा?

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे 2019 व 2021 चे महापूर सोसलेल्या कोल्हापुरात शाळकरी पोरालाही मुखोद्गत आहे. परंतु अशा घटकेला नदीकाठच्या एखाद्या गावकऱ्याने मराठीत पाठविलेला लघुसंदेश आपल्या कचेरीच्या संगणकावर नंबर आणि वेळ यांसह साळसूदपणे हजर व्हावा व मजकुराची जागा तेवढी कोरी असावी, तर तो दोष गावकऱ्याच्या मोबाइलवर ढकलून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

लघुसंदेशाची मूळ अक्षरमाला सात बिटांची, रोमन लिपीच्या सोयीने रचलेली; तीत एक संदेश 160 अक्षरांपर्यंत जातो. देवनागरी मात्र सोळा बिटांच्या युनिकोडातून जाते, 70 अक्षरांत संपते, आणि संदेश कोणत्या जातीचा हे सांगणारी खूण त्याच्यासोबतच येते. संदेश कचेरीपर्यंत पोचविणाऱ्या पुरवठादाराच्या गेटवेने ती खूण दुर्लक्षिली, किंवा मजकुराचा रकाना तो एका नावाने धाडतो व आपली प्रणाली दुसऱ्याच नावाने शोधते असे झाले, की शब्द वाटेतच गळतात. म्हणून गेटवेकडून आलेली मूळ नोंद, कोणताही संस्कार होण्यापूर्वीची, आधी पाहावी: तीत मजकूर असेल तर दोष आपल्या घरातला, नसेल तर पुरवठादाराकडून लेखी खुलासा घ्यावा. (संदेश खरोखरच रिकामा धाडला गेला असेल, ही शंका सर्वांत शेवटी.)

या प्रणालीची चाचणी इंग्रजी ‘हॅलो’वर उरकणाऱ्या ठेकेदाराचे बिल, ‘प्रयाग चिखलीत पाणी शिरले’ हे वाक्य जोडाक्षरासह पडद्यावर उमटल्यावाचून, मंजूर होता कामा नये.