संगणकाशी ओळख : कागद एकच, मग फाईल मोठी कशी?



परवा कारंजा लाडच्या एका ऑनलाईन केंद्राबाहेर ओळखीच्या एक ताई कागद हातात धरून बसल्या होत्या. मुलगी अकरावीला. महाडीबीटीवर तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. ताई रोजमजुरी करणाऱ्या, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "भाऊ, तो पोट्टा म्हंते फाईल मोठी हाय, चढत नाही. आता मले सांगा, दाखला तं एकच कागद हाय. मोठा कसा झाला?"

प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तो पडतो, पण लाजेने कोणी विचारत नाही. म्हणून आज त्याचेच उत्तर.

कचेरीत फाईल म्हणजे कागदांचा गठ्ठा. संगणकात मात्र एक फोटो, एक पत्र, एक गाणे, अशी प्रत्येक वस्तू एक फाईल असते. फाईली ठेवण्याच्या कप्प्याला फोल्डर म्हणतात. प्रत्येक फाईलला नाव असते आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन तिचा प्रकार लिहिलेला असतो. जेपीजी म्हणजे फोटो. पीडीएफ म्हणजे असा कागद, जो कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसतो. मोबाईल फोटोला नुसता आकडा देतो. तो बदलून 'जातीचा दाखला', 'उत्पन्नाचा दाखला' असे नाव द्यावे. घाईच्या वेळी शोधाशोध होत नाही.

आता आकार. धान्य किलोने मोजतो, तशी फाईल बाईटने मोजतात. मराठीचे प्रत्येक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाईट लागतात. 'जयभीम' लिहायला ज, य, भ, दीर्घ वेलांटी आणि म अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाईट. ढोबळमानाने हजार बाईटचा एक केबी आणि हजार केबीचा एक एमबी.

दाखल्यावरचा मजकूर टाईप केला तर थोड्याशा केबीत मावतो. पण आपण त्याचा फोटो काढतो. फोटो ठिपक्यांचा बनतो आणि मोबाईल प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवतो. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा एका फोटोत १ कोटी २० लाख ठिपके टिपतो! त्यामुळे एका कागदाची फाईल सहज ४ एमबी, म्हणजे ४००० केबी होते. अर्जावर मर्यादा २५६ केबीची असेल, तर ती कशी चढणार? ताईंचा कागद मोठा नव्हता, ठिपके जास्त होते.

उपाय सोपा आहे. मोबाईलमधील स्कॅन करण्याच्या सोयीने कागद टिपावा, कडेची सतरंजी कापून टाकावी आणि फाईल लहान करावी. याला कॉम्प्रेस करणे म्हणतात. फाईल लहान झाल्यावर अक्षरे आणि शिक्का नीट वाचता येतो ना, हे पाहूनच ती पाठवावी.

जगभरचे संगणक एकमेकांना जोडणारे जाळे म्हणजे इंटरनेट. भारतात ते सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. या जाळ्यावरील एखाद्या संस्थेची जागा म्हणजे वेबसाईट आणि ती उघडून दाखवणारे साधन म्हणजे ब्राउझर. आपली फाईल तिकडे पाठवणे म्हणजे अपलोड, तिकडची आपल्याकडे घेणे म्हणजे डाउनलोड. अपलोड केल्याने आपली मूळ फाईल जात नाही, तिची नक्कल जाते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. 'सेव्ह' म्हणजे जपून ठेवणे आणि 'सबमिट' म्हणजे सादर करणे. अर्ज सेव्ह करून घरी आलो, तर तो सादर झालेला नसतो. सबमिट केल्यावर अर्ज क्रमांक मिळतो. तो वहीत उतरवून घ्या, पोचपावती डाउनलोड करा आणि मगच उठा.

केंद्राच्या संगणकावर काम झाले की 'लॉग आऊट' करायला सांगा. आपला आधार आणि दाखले तिथल्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडून असतात, ते पुसायला सांगा. पुसलेली फाईल बहुधा रिसायकल बिन या टोपलीत जाते, तीही रिकामी करून घ्या. पासवर्ड ही घराची किल्ली आहे. ओटीपी ही एकाच वेळी चालणारी किल्ली. 'शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या.

हे सारे कशासाठी? १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि आपल्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे पैसा मागितला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. इतक्या लढ्याने मिळालेला हक्क चार एमबीच्या फोटोपायी अडून राहू नये.

त्या दिवशी ताईंच्या मुलीला बोलावून घेतले. तिने स्वतःच दाखला पुन्हा टिपला. फाईल १८० केबीची झाली आणि चढली. ताई म्हणाल्या, "म्हंजे कागद तेवढाच, ठिपके कमी!" यापेक्षा सोप्या शब्दांत मलाही सांगता आले नसते.

या रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास काढा. ज्या मुलामुलींना हे येते, त्यांनी आईवडिलांना शेजारी बसवून एक दाखला टिपून, नाव देऊन, फोल्डरमध्ये ठेवून दाखवावा. मोबाईल मात्र आईवडिलांच्याच हातात द्यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!