विश्लेषण : डोक्यावरचा बिंदू तार सप्तकाचा की मंद्राचा? मोबाइलवरच्या स्वरलिपीचा घोळ

गाण्याच्या क्लासची वही आता मोबाइलमध्ये आली आहे. गुरुजींनी लिहून दिलेल्या बंदिशीचा फोटो, कोणी टाइप करून पाठवलेली सरगम, कुठून तरी आलेली पीडीएफ असे सगळे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. पण या फाइलींत छापलेली खूण नेमकी कोणत्या पद्धतीची, हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते. तिथेच चुकीचा स्वर गळ्यात बसायला सुरुवात होते. स्वरलिपीसाठी सॉफ्टवेअर वापरायचे कसे आणि त्याआधी काय ठरवायला हवे, याचा हा आढावा.

नाशिकचा या विषयाशी संबंध काय?

हिंदुस्थानी संगीत कागदावर उतरवण्याच्या आपल्याकडे दोन प्रमुख पद्धती आहेत. एक पं. विष्णु नारायण भातखंडे यांची, दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले. इथला रामनाम आधार आश्रम त्यांचाच. त्यांचे पुत्र, गायक पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ चा. म्हणजे दोनपैकी एका स्वरलिपीच्या कर्त्याचे हे गाव. तरीही आज इथल्या विद्यार्थ्याच्या हातात येणारे पान बहुधा भातखंडे पद्धतीचे असते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी मात्र दोन्ही पद्धतींची ओळख लागते.

दोन पद्धतींत फरक किती?

नुसता वेगळेपणा असता तर फार बिघडले नसते. अडचण अशी, की काही खुणा दिसायला सारख्या आणि अर्थाने वेगळ्या आहेत.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू म्हणजे तार सप्तक आणि पायाखालचा बिंदू म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो, तर तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ येते. भातखंडे पद्धतीत तीच उभी रेघ ‘म’वर आली की तीव्र मध्यम होतो. कोमल स्वरासाठी भातखंडे खाली आडवी रेघ देतात, पलुस्कर हलन्तासारखी खूण.

तालाचेही तसेच. भातखंडे तीनतालात सम ×, टाळ्या २ आणि ३, खाली ० अशी लिहितात. पलुस्कर समेला १, पुढच्या टाळ्यांना मात्रांचे आकडे ५ आणि १३, आणि नवव्या मात्रेवरच्या खालीला + देतात. घाईत पाहिले तर एकाची फुली सम आणि दुसऱ्याची फुलीसारखी खूण खाली! पद्धतीचे नाव नसलेले पान हातात आले तर शिकाऊ विद्यार्थी सप्तकही चुकवू शकतो आणि समही.

मोबाइलच्या कीबोर्डवर काय बिघडते?

देवनागरीत टाइप करताना तार षड्ज ‘सां’ असा लिहिला जातो. तो बिंदू खरे तर अनुस्वार आहे. माणसाला तो संदर्भाने कळतो, संगणकाला कळत नाही. मंद्रासाठी नुक्ता वापरतात, तेही काम भागवणेच.

कोमल आणि तीव्रासाठी मात्र चांगली सोय आहे. युनिकोडमध्ये वैदिक स्वरांच्या खुणा आहेत : अनुदात्ताची खालची आडवी रेघ आणि उदात्ताची वरची उभी रेघ. त्या वापरून ग॒ आणि म॑ असे नीट लिहिता येते आणि भातखंडे पद्धतीशी ते जुळतेही. पण नेहमीच्या कीबोर्डवर या खुणा सहज सापडत नाहीत आणि प्रत्येक फॉन्टमध्ये जागच्या जागी बसत नाहीत. मग लोक रोमनकडे वळतात. तिथे मोठे अक्षर म्हणजे शुद्ध आणि लहान अक्षर म्हणजे कोमल असा रिवाज आहे. भीमपलासीचा आरोह कोमल निषादापासून सुरू होतो. तो टाइप करायला घ्या, की फोन ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि कोमल निषाद शुद्ध होऊन बसतो. पाठवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हे बसवता येते का?

येते, पण मुरड घालून. बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य पाच रेघांसाठी बनलेली आहेत. म्यूझस्कोअर हे मोफत सॉफ्टवेअर घेतले तर एक मार्ग असा :

• सा नेहमी पांढरी एक धरावा. गाणाऱ्याची पट्टी वेगळी लिहावी. आपला सा चल आहे, पाच रेघांवरचे स्वर अचल. हे आधी ठरवले नाही तर पुढे सगळेच गोंधळते.

• तालाच्या प्रत्येक विभागाला एक खण द्यावा. तीनतालाला चार-चार मात्रांचे चार खण. झपतालाला २, ३, २, ३ असे बदलते खण.

• स्वर भरून झाले की गाण्याच्या शब्दांसाठी असलेल्या पहिल्या ओळीत देवनागरी सरगम आणि दुसऱ्या ओळीत बंदिशीचे बोल लिहावेत. फॉन्ट युनिकोडचाच निवडावा.

• शेवटी पाच रेघा आणि त्यांवरचे स्वर अदृश्य करावेत. छापताना फक्त सरगम आणि बोल उरतात.

यात कटकट आहेच. एक स्वर चार मात्रा लांबला तर सॉफ्टवेअर त्याला एकच स्वर मानते. भातखंडे पद्धतीत दर मात्रेला आडवी रेघ लागते. त्यासाठी तो स्वर मात्रेमात्रेला तोडून पुन्हा सांधावा लागतो. एका मात्रेतल्या स्वरांखालची कमानही हातानेच काढावी लागते. संगणकाची सवय असलेल्यांसाठी लिलीपॉन्ड आहे. त्यात साध्या मजकुरात स्वर लिहून पान तयार होते आणि रेघांची रचनाही बदलता येते. नुसता छापील कागद हवा असेल तर एक्सेलमधला सोळा रकान्यांचा तक्ताही पुरतो.

मग फोटो किंवा तक्ता का पुरेसा नाही?

कारण फोटोत खुणेचे रूप तेवढे साठते, तिचा अर्थ साठत नाही. स्वर, सप्तक आणि मात्रा अशी खरी माहिती एकदा फाइलीत भरली, की तीच बंदिश भातखंडे पद्धतीत दाखवायची, पलुस्कर पद्धतीत की पाच रेघांवर, हा फक्त दाखवण्याचा प्रश्न उरतो. वाजवूनही तपासता येते, चुकलेला कोमल स्वर लगेच कानाला खुपतो. चीनमध्ये आकड्यांची जियानपू स्वरलिपी सर्रास चालते आणि ती संगणकावर लिहिण्याची साधनेही आहेत. आपल्या पद्धती त्याहून अवघड नाहीत. त्यांचे चिन्हांचे कोष्टक संगणकासाठी एकदा नीट ठरवण्याचे काम तेवढे राहिले आहे.

एक धडाही लक्षात ठेवावा. फिनाले हे जुने, नावाजलेले सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले. ज्यांचे काम केवळ त्याच्या फाइलींत होते, त्यांना धावपळ करावी लागली. म्हणून प्रत्येक बंदिशीची एक प्रत म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात ठेवलीच पाहिजे. ते वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

पण गाणे कागदावर मावते का?

नाही, आणि मावावे अशी अपेक्षाही नाही. दरबारीचा आंदोलित गंधार कोणत्याच खुणेने शिकता येत नाही, तो गुरूसमोर बसूनच येतो. पण या सबबीखाली सांगाडाही चुकीचा ठेवायचा, हे पटत नाही. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून मिळवलेल्या बंदिशी क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या नसत्या, तर त्यांतल्या कितीतरी आज नसत्या. तेव्हाही आक्षेप होतेच.

खरी निकड पुस्तकांची नाही, वह्यांची आहे. नाशिकसारख्या शहरात कित्येक जुन्या शिक्षकांकडे हाताने लिहिलेल्या बंदिशींच्या वह्या आहेत. कोणी पलुस्कर पद्धतीत लिहिले, कोणी भातखंडे पद्धतीत, कोणी दोन्हींची सरमिसळ करून. ती सरमिसळ उलगडून सांगणारा माणूस आहे तोवरच ती वही वाचता येते. त्याच्यामागे वही राहिली, तरी डोक्यावरचा बिंदू कोणत्या सप्तकाचा, हे सांगणारे कोणी राहणार नाही.

काय करायला हवे?

परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी दोन्ही पद्धतींचे, युनिकोडमध्ये टाइप करता येईल असे एकच कोष्टक जाहीर करावे. अभ्यासक्रमातल्या बंदिशी फोटोऐवजी खुल्या फाइलींत द्याव्यात. दोनपैकी एक पद्धत मोडीत काढण्याची गरज नाही, कोणती वापरली ते सांगण्याची आहे.

क्लास चालवणाऱ्यांनी मात्र कोणाची वाट पाहू नये. पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर चार गोष्टी लिहाव्यात : स्वरलिपीची पद्धत, सा कोणता धरला, ताल आणि बंदिश कोणाकडून मिळाली. चौथी गोष्ट सौजन्याचीही आहे. गुरूंच्या वहीतली चीज त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नये.

आणि ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी फोटो काढताना लिहिणाऱ्यालाच शेजारी बसवावे. एकेक ओळ त्यांना गायला सांगून फोनवर ध्वनिमुद्रित करावी. सॉफ्टवेअर शिकायला पुढे वेळ मिळेल. बिंदूचा अर्थ मात्र आजच विचारून घ्यायला हवा.