कूलर थंड हवा देतो, पण टाकीचे काय?

होळी झाली की विदर्भातील घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. नवीन ताट्या बसविल्या जातात, मोटर तपासली जाते, पंख्याला तेल दिले जाते. एकदा का कूलर सुरू झाला, की मग जून महिना उजाडेपर्यंत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पाणी संपले की वरून पाणी ओतायचे, एवढीच काय ती त्याची देखभाल! पाणी रोज बदलले जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते बदलत नाही, त्यात फक्त भर पडते. तळाचे पाणी महिनोन्‌महिने तेच असते, आणि आमच्या मते उन्हाळ्यातील आरोग्याचा एक मोठा प्रश्न याच पाण्यात दडलेला आहे.

डेंग्यू पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात नव्हे, तर घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलरची टाकी म्हणजे त्याला आयतेच घर. सावली आहे, पाणी आहे आणि माणसेही जवळच आहेत. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, असे आरोग्य खाते सांगत असते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. तेथे या डासाच्या पैदाशीच्या प्रमुख जागांत घरगुती कूलरचा समावेश होतो, हे विसरून चालणार नाही.

नुसते पाणी ओतून दिले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. या डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला चिकटवून. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून टाकी रिकामी केल्यावर आतील चारही बाजू, कोपरे आणि मोटरची बैठक ताठ ब्रशने घासली पाहिजे. घासणे हेच खरे काम आहे.

यावर गृहिणींचा एक रास्त आक्षेप असतो. नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येते, मग टाकीभर पाणी फेकायचे कसे? आमचे म्हणणे असे, की पाणी फेकूच नका. दुहेरी सुती कापडातून ते बादलीत गाळून घ्या. कापडावर राहिलेल्या अळ्या कोरड्या मातीत उन्हात टाका, तेथे त्या मरतात. टाकी घासा आणि तेच पाणी परत भरा. नळ येईल त्या दिवशी मात्र जुने पाणी झाडांना किंवा अंगणात वापरून ताजे पाणी घ्यावे. त्याचेही कारण आहे. कूलरमधून उडून जाते ते शुद्ध पाणी, क्षार मागेच राहतात. बोअरचे पाणी असेल तर ताट्यांवर पांढरा थर चढतो, हवा अडते आणि गारवा कमी होतो. हा थर लिंबूसत्वाच्या पाण्याने निघतो. मात्र लिंबूसत्व आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

साठलेल्या पाण्याचा धोका डासांपुरताच नाही. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एका अधिवेशनाला जमलेल्या लोकांत न्यूमोनियाची जीवघेणी साथ आली. पुढच्या वर्षी तिचा जिवाणू सापडला. हा लिजिओनेला जिवाणू मोठ्या इमारतींच्या शीतयंत्रणेतील कोमट, अस्वच्छ पाण्यात वाढू शकतो. थंड देशांत हवेला ओलावा देणारी यंत्रे घरात बसवितात, त्यांनाही वेळोवेळी साफ करण्याचा नियम आहे. आपल्या कूलरपासून हा धोका कमी असला, तरी कुजक्या, बुरशी आलेल्या ताट्यांतून येणारी हवा दम्याच्या रुग्णाला त्रास देते. कुबट वास येऊ लागला की अत्तर शिंपडू नये, ताटी बदलावी. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे खोलीत दमटपणा कोंडत नाही.

एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी भरताना किंवा टाकी घासताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढलाच पाहिजे. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे जीवघेणे त्रिकूट आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि लहान मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नका.

घरातला कूलर निदान कोणाच्या तरी मालकीचा असतो. कचेऱ्या, शाळा, बँका आणि दवाखाने यांतील कूलर कोणाचेच नसतात! शिपाई म्हणतो माझे काम नाही, साहेबांना ते दिसत नाही. हा डास चावतो दिवसा, आणि दिवसभर माणसे असतात ती याच ठिकाणी. प्रत्येक कचेरीने या कामासाठी एक माणूस आणि आठवड्याचा एक वार नेमून द्यावा. त्याला खर्च येत नाही. साथ आली की आपण नगरपालिकेकडे धूरफवारणीची मागणी करतो. पण धुराने मरतात ते उडणारे डास. टाकीतल्या अळ्या तशाच राहतात. नगरपालिकेने आपले काम केलेच पाहिजे, पण आपल्या खिडकीतली टाकी घासायला ती येणार नाही.

पहिला पाऊस पडला की कूलरचा उपयोग संपतो, कारण दमट हवेत पाणी नीट उडत नाही. त्याच दिवशी टाकी घासून, उन्हात वाळवून, झाकून ठेवावी. पावसाळाभर खिडकीत उघडा राहिलेला कूलर म्हणजे साऱ्या गल्लीला ताप! डेंग्यूवर नेमके औषध नाही. तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास आणि एक ब्रश, एवढी किंमत मोजायला काय हरकत आहे?