पुळणीवर अंधार राहू द्या

नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री कोकणच्या पुळणीवर येते. मागच्या पायांनी वाळू उकरते, सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून अंगाच्या भाराने ती चोपते आणि समुद्रात परतते. वाटेत विजेरीचा झोत पडला, माणसांचा गलका झाला, तर अंडी न घालताच ती माघारी फिरते.

पिल्लांचे हाल याहून वाईट. साधारण ५० दिवसांनी वाळूबाहेर पडलेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. समुद्राऐवजी हॉटेलचे दिवे उजळ असतील तर ते तिकडेच जाते आणि मरते. गोव्यात मोरजीला दिव्यांचा आणि संगीताचा प्रश्न म्हणूनच न्यायालयापर्यंत गेला.

कोकणातल्या वेळास गावाने वेगळी वाट दाखवली. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी चोरीला जाणारे गाव कासव महोत्सवासाठी ओळखले जाऊ लागले. पर्यटकांच्या जेवणाखाण्यातून घराघरांत चार पैसे आले. याचे श्रेय गावकऱ्यांचेच.

मात्र आता गर्दीच धोका ठरू नये. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला त्रास देणे गुन्हा आहे. विणीच्या काळात पुळणीवर गाड्यांना बंदी हवी, किनाऱ्यावरचे दिवे झाकायला हवेत. पर्यटकांनीही घरटी राखणाऱ्या कासवमित्रांनी आखलेल्या दोरीमागे उभे राहावे आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवावा.