पाटी कोणी काढली?



सन २०१६ च्या अखेरीस अमेरिकेत 'हिडन फिगर्स' हा चित्रपट प्रदर्शित झाला. 'नासा'च्या लँग्ले येथील केंद्रात गणिताचे काम करणाऱ्या कॅथरिन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन ह्या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ही जीवनकथा आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन ह्यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्या उड्डाणापूर्वी यंत्राने काढलेले आकडे कॅथरिनबाईंनी स्वतः पडताळावेत, असा आग्रह खुद्द ग्लेन ह्यांनी धरला होता. आपल्या मुलामुलींनी हा चित्रपट अवश्य पाहावा.

परंतु त्यातील एका प्रसंगाने प्रेक्षकांत दोन तट पडले. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहापर्यंत कॅथरिनला अर्धा मैल धावत जावे लागते. हे कळताच तिचा गोरा वरिष्ठ ती भेदाची पाटी स्वतःच्या हाताने फोडून टाकतो. अनेक प्रेक्षक येथे सद्‌गदित झाले. इतरांनी विचारले, हा गोरा उद्धारक आला कोठून? कारण हा प्रसंग कल्पित आहे. प्रत्यक्षात कॅथरिनबाई जवळचेच, पाटी नसलेले स्वच्छतागृह वापरीत. तक्रार झाली तेव्हा त्यांनी तिची दखलही घेतली नाही. दिग्दर्शकाचे उत्तर असे की, योग्य गोष्ट घडल्याशी कारण. ती कोणी केली ह्याला महत्त्व काय?

वकिलीचा व्यवसाय करणारा मनुष्य म्हणून मी सांगतो, महत्त्व आहे. हक्कनोंदणीत एकदा दुसऱ्याचे नाव लागले, म्हणजे खऱ्या मालकाच्या नातवाला आपली वहिवाट सिद्ध करिताना नाकी नऊ येतात. इतिहासाचेही तसेच आहे.

लँग्लेचे दार कसे उघडले ते पाहा. १९४१ साली कामगार-पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी संरक्षण-उद्योगांतील वर्णभेदास मनाई करणारा हुकूम काढला, आणि १९४३ पासून कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रिया तेथे येऊ लागल्या. तरीही उपाहारगृहात त्यांचे टेबल वेगळे असून त्यावर तशी पाटी असे. मिरियम मॅन नावाच्या गणितज्ञ बाई ती पाटी उचलून आपल्या पिशवीत टाकीत. नवी पाटी येई, बाई तीही नेत. शेवटी पाटी येण्याचेच थांबले. पाटी खरोखर काढली ती अशी.

१९४६ साली पूज्य बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते. ते साम्य येथेही आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले ठरविले. कागदावर परवानगी होती, परंतु ओठी पाणी नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारोंनी ओंजळ पुढे केली, तेव्हा त्या परवानगीचा हक्क झाला. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे ह्या स्पृश्य मित्रांचे साहाय्य आपण कृतज्ञतेने स्मरतो. ते सोबत उभे राहिले. पण पाणी आपण घेतले.

ज्या मुलाला चित्रपटातून एवढेच कळते की एखादा थोर साहेब येईल आणि पाटी फोडील, ते मूल साहेबाची वाट पाहावयास शिकते. आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण केले ते कोणा तारणहाराच्या भरवशावर नव्हे. तथागतांनी स्वतःस तारणहार म्हणविले नाही; मार्ग दाखविला, चालणे आपणांवर सोपविले.

म्हणून माझी विनंती आहे. मुलांना चित्रपट दाखवा, आणि त्यानंतर मिरियम मॅनची हकीकत सांगा. मग घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या गावच्या विहिरीवर आपल्यापैकी प्रथम कोण गेले? चावडीत प्रथम कोण बसले? मेलेली ढोरे ओढण्यास प्रथम नकार कोणी दिला? नाव, गाव आणि साल वहीत लिहून ठेवा. आज सांगणारी माणसे हयात आहेत. उद्या आपल्यावर कोणी चित्रपट काढील, तेव्हा पुरावा म्हणून ती वही आपल्या हाती असली पाहिजे.

जयभीम!