मिळकतीचे चार भाग
उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की अहेरीचा बाजार फुलतो. मागची उधारी फिटते, नवा मोबाइल येतो, आणि पोळा येईस्तोवर दुकानदाराच्या वहीत पुन्हा तेच नाव चढलेलं असतं. चूक कमाईची नाही, विचाराची आहे. माणसाचं बरंवाईट आधी मनात घडतं, मग हातून, हे धम्मपदाचं पहिलंच सांगणं. बुद्ध मात्र मनापाशी थांबले नाहीत, हिशेबापर्यंत आले. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात ते एका गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात: एकावर संसार चालवावा, दोन धंद्यात घालावेत, चौथा अडीअडचणीसाठी राखावा. कशाचा धंदा करू नये, तेही त्यांनी सांगितलं: शस्त्रं, प्राणी-माणसं, मांस, मद्य आणि विष. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. तरी चोरून दारू विकणाऱ्याला यातलं चौथं नाव कुणीतरी ऐकवायला हवं. हा विचार आपल्याकडे परका नाही. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. तेव्हा अहेरी चंद्रपूरच्याच, म्हणजे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात होती. दर ऑक्टोबरला आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो, वंदना म्हणतो. यंदा परतल्यावर एवढंच करा: घरातल्या वहीत चार रकाने आखा, आणि चौथा रिकामा राहू देऊ नका.